नवरीनं काय म्हटलं होतं?

लग्नसराई तोंडावर आली आहे. मंडपवाल्याची तारीख, बस्ता, गटातून उचललेलं कर्ज, सगळी धावपळ सुरू झाली आहे. लग्नाच्या खर्चावर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही लग्नातल्या शब्दांवर बोलणार आहोत.

गेल्या दोन-तीन महिन्यांत आम्ही गटांच्या बैठकीत एक प्रश्न विचारत होतो. तुमच्या लग्नात तुम्ही स्वतः काय बोललात? बाया आधी हसल्या. मग एक म्हणाली, "बोलायचं काय त्यात? मामानं धरून आणलं, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, झालं लग्न." दुसरी म्हणाली, "उखाणा घेतला की!" जेवणात काय होतं, कुणाला मानाचं लुगडं मिळालं नाही, कोण रुसून बसलं, हे वीस-तीस वर्षांनंतरही सगळ्यांना तोंडपाठ. पण नवऱ्यानं आपल्याला काय वचन दिलं आणि आपण त्याला काय दिलं, हे कुणालाच सांगता येईना.

यात त्यांचा विसराळूपणा नाही. विधीच तसा आहे. कन्यादानाच्या वेळी मुलीचा बाप जावयाला सांगतो की धर्मात, पैशाअडक्यात आणि संसारसुखात हिला ओलांडून जाऊ नकोस. त्यावर नवरदेव म्हणतो, "नातिचरामि." म्हणजे मी मर्यादा ओलांडणार नाही. हे वचन चांगलं आहे, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण नीट बघा, वचन मागतो बाप आणि ते दिलं जातं बापाला. ज्या मुलीबद्दल हे बोलणं चाललंय ती शेजारी खाली बघून बसलेली असते. सप्तपदीचंही तेच. पावलं दोघं टाकतात, पण पावलापावलाचे मंत्र नवऱ्या मुलानं म्हणायचे असतात, आणि बहुतेक वेळा त्याच्या वतीनं गुरुजीच म्हणून टाकतात. सगळं संस्कृतात. मंडपातल्या शंभर माणसांत अर्थ कळणारे किती असतील, तुम्हीच सांगा.

मंगलाष्टकात शेवटी "सावधान" म्हणतात. तो शब्द ऐकून रामदास स्वामी बोहल्यावरून पळाले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. तोच शब्द ऐकून एखादी नवरी पळाली, अशी गोष्ट मात्र आम्हाला कुणी सांगितलेली नाही.

आता दीडशे वर्षं मागं जाऊ. पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्याला तीन महिने झाले आणि २५ डिसेंबरला सत्यशोधक पद्धतीनं पहिलं लग्न लागलं. नवरदेव सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा निंबणकर. राधाची आई सावित्रीबाईंची मैत्रीण होती. भटजी बोलावले नाहीत, हुंडा नाही, वाजंत्री-जेवणावळींचा थाट नाही. पुढच्या वर्षी ७ मेला दुसरं लग्न झालं, ज्ञानोबा ससाणे आणि काशीबाई यांचं. त्याला विरोध इतका होता की पोलिसांचा बंदोबस्त घ्यावा लागला. लग्नाला पोलीस! आज आपण आंतरजातीय लग्नात हे बघतो. तेव्हा जात एकच होती, फक्त भटजी नव्हते, तरी ही वेळ आली.

सत्यशोधक लग्न म्हटलं की लोकांना एवढंच आठवतं, भटजी नाही आणि खर्च कमी. आम्हाला त्यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. जोतीरावांनी या लग्नांसाठी मराठीत नवी मंगलाष्टकं रचली आणि १८८७ साली पूजाविधीच्या पुस्तिकेत ती छापली. आपल्या नेहमीच्या मंगलाष्टकांत कुणीतरी तिसराच देवांची, नद्यांची नावं घेऊन वधूवरांचं कल्याण मागतो. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात.

आणि नवरी काय बोलते? ती गोड गोड बोलत नाही. आम्हा बायकांना स्वातंत्र्य म्हणजे काय याचा अनुभवच मिळालेला नाही, असं ती सगळ्यांसमोर सांगते. म्हणून तू आज शपथ घे, की बाईला तिचे हक्क देशील. ती विनंती करत नाही, शपथ मागते. नवरदेव उत्तर देतो की बायकांचे अधिकार स्थापन करण्यासाठी मी सतत झटेन आणि त्यासाठी लागेल तो खर्च करायला मागंपुढं बघणार नाही. फक्त "तुझे अधिकार" म्हणाला असता तरी चाललं असतं. पण तो सगळ्याच बायकांचं म्हणतो. म्हणजे घरातल्या घरात बायकोला सुखात ठेवलं की काम झालं, असं जोतीरावांना वाटत नव्हतं. शेवटी आईबापांचे उपकार, म्हाताऱ्या-पांगळ्यांना मदत आणि मुलांना शिक्षण, अशा गोष्टी येतात.

बापाला दिलेलं वचन इथं मुलीला दिलेलं वचन झालं, आणि मागणारी ती स्वतः झाली. आमच्या मते या लग्नातला खरा बदल हा आहे. भटजी नसणं त्याच्यानंतर.

त्या काळात नवरीला तोंड नसणं ही बारीकसारीक गोष्ट नव्हती. तेव्हाच मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. सुतार समाजातली ही मुलगी. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावलं. ती सासरी गेली नाही, माहेरीच वाढली, शिकली. १८८४ साली दादाजीनं कोर्टात दावा लावला की माझी बायको माझ्याकडं पाठवा. रखमाबाईंचं म्हणणं साधं होतं. माझं लग्न मला कळत नव्हतं तेव्हा लावलं, मी त्याला संमती दिलेलीच नाही. न्यायमूर्ती पिन्हे यांना ते पटलं आणि १८८५ मध्ये त्यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यावर देशभर गदारोळ झाला. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

शेवटी १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेला, राजकोटला त्यांनी बायकांच्या दवाखान्यांत कितीतरी वर्षं काम केलं. १९५५ पर्यंत त्या हयात होत्या, म्हणजे आपल्या काहींच्या आज्या त्यांच्या काळातल्या. ज्या लग्नात मुलीनं एक शब्द उच्चारला नव्हता, त्या लग्नापायी तिला तुरुंगाची शिक्षा सुनावली गेली. हे डोळ्यांसमोर ठेवून जोतीरावांच्या मंगलाष्टकातली ती बोलणारी नवरी बघा, मग तिचं वजन कळतं.

विरोध कुणाचा होता, हेही सांगायला हवं. गावात जोशीपणाचं वतन असायचं. त्या घरचा हक्क पिढीजात. तुम्ही त्याला लग्नाला बोलावलं नाही, दुसऱ्याकडून किंवा स्वतःच लग्न लावलं, तरी दक्षिणा त्याला द्यावी लागे. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीशिवाय लग्न केलं, तर जोश्यांनी आपल्या हक्कासाठी कोर्टात दावा लावला. असे दावे पुढंही चालत राहिले. आपलं लग्न आपल्या शब्दांत लावायचं, तर न केलेल्या कामाचे पैसे दुसऱ्याला मोजायचे! हा हक्क मोडायला १९२६ साल उजाडावं लागलं. मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी त्यासाठी बिल आणलं आणि कायदा झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा ठराव आणला तो यांनीच, ज्याच्या आधारानं पुढं महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या स्वतःच्या घरातलं लग्न ४ फेब्रुवारी १८८९ चं. मुलगा यशवंत, त्यांनी दत्तक घेतलेला, एका विधवा ब्राह्मण बाईचा. सून हडपसरच्या ज्ञानोबा ससाण्यांची मुलगी. सावित्रीबाईंनी लग्नाच्या आधीच मुलीला आपल्या घरी आणून ठेवलं, तिला घराची, माणसांची, यशवंताची ओळख व्हावी म्हणून. आजही गावात "लग्नाआधी मुलीनं सासरचा उंबरा ओलांडू नये" म्हणणारे आहेत. बोहल्यावर वचन मागायचं तर ते कुणाकडं मागतोय हे आधी माहीत हवं, एवढी साधी गोष्ट त्या सासूला कळली होती. जोतीराव तेव्हा पक्षाघातातून उठलेले होते, पुढच्या वर्षी ते गेले.

आता आमच्या मनातली एक शंका. जोतीरावांची मंगलाष्टकं थोर आहेत. पण नवरीच्या तोंडचे शब्दही शेवटी जोतीरावांनीच लिहिलेले. आज सत्यशोधक पद्धतीच्या काही लग्नांत आम्ही बघतो, माइकवर कुणीतरी चांगल्या आवाजाचा माणूस दोघांचीही कडवी गातो आणि नवरा-नवरी हात जोडून उभे. फुलं पडतात, टाळ्या पडतात. म्हणजे पुन्हा तेच झालं, भाषा तेवढी बदलली. ज्या माणसानं नवरीला बोलायला लावलं, त्याच्याच नावानं तिला परत गप्प उभं करायचं, हे काही आम्हाला पटत नाही. निदान आपलं कडवं आपण म्हणावं. आणि त्याहून बरं म्हणजे, आपल्याला जे मागायचं ते आपण लिहावं.

"लिहिणं आम्हाला कुठं जमतंय?" असं कुणी म्हणेल. पण उखाणा कुणी रचला? जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या? सगळं लग्न दुसऱ्यांनी बोलायचं आणि नवरीनं फक्त उखाण्यात तोंड उघडायचं, अशी रीत असल्यामुळंच बायांनी त्या दोन ओळींत केवढं काय काय बसवलंय. आमच्या एका बैठकीत आम्ही सगळ्यांना सांगितलं, समजा आज पुन्हा लग्न लागतंय. त्याच नवऱ्याशी. (इथं बराच वेळ हशा चालला.) तर काय वचन मागाल?

पहिल्यांदा गमतीचंच आलं. मग एक जण म्हणाली, "माहेरी जायचं तर विचारायला लागू नये, सांगून जाता यावं." दुसरी, "मुलगी झाली तर दवाखान्यात भेटायला यायचं." एक आजी म्हणाल्या, "मी आधी मेले तर त्यानं दुसरी करावी, माझी ना नाही. पण तो आधी गेला तर माझं कुंकू कुणी पुसू नये, एवढं त्यानं आपल्या भावांना आधीच सांगून ठेवावं." यावर कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "पिऊन आला तर त्या रात्री त्यानं बाहेर झोपायचं, मी आणि पोरांनी नाही." आणि एकीनं उखाणाच घातला:

सातबाऱ्यावर दोन नावं, घराला दोन किल्ल्या,
अमुकरावांचं नाव घेते, अटी आधी बोलल्या.

आपण काय वचन देणार, हेही विचारलं. तिथं बायांना जास्त वेळ लागला. देणं आपण इतकं गृहीत धरलंय की त्यातलं वचन कोणतं आणि सवय कोणती, हे वेगळं काढता येईना. "त्याच्या आईला मी बघीन, पण माझ्या आईला त्यानं बघावं," हे एकीचं वाक्य सगळ्यांना आवडलं. देणं-घेणं एकाच वाक्यात.

आता कायद्याचं बोलू. कारण मुली तयार असतात, पण आया घाबरतात की असं लग्न खरं धरलं जाईल का. ही भीती खोटी नाही. तमिळनाडूत पेरियार रामसामींनी अशीच स्वाभिमान विवाहाची चळवळ चालवली. भटजी नाही, मंत्र नाहीत, दोघांनी एकमेकांना पत्करल्याचं सांगायचं आणि हार घालायचे. हजारो लग्नं लागली. १९५३ साली मद्रास हायकोर्टानं अशा एका लग्नाच्या खटल्यात सांगितलं की हे कायद्यानं लग्नच नाही. त्या बायकांच्या आणि मुलांच्या हक्काचं काय झालं असेल, विचार करा. अण्णादुराई मुख्यमंत्री झाल्यावर १९६७ साली तिथल्या विधानसभेनं हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती केली आणि अशी लग्नं, आधी झालेलीसुद्धा, कायदेशीर ठरवली.

आपल्या महाराष्ट्रात तशी दुरुस्ती नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा म्हणतो की दोघांपैकी कुणाच्याही बाजूच्या रूढ विधीनं लग्न लागलं पाहिजे. ग्रामपंचायतीत नोंदणी करून दाखला घेतला की झालं, असं पुष्कळ जण समजतात. पण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल तर नुसत्या दाखल्यानं लग्न होत नाही. याचा अर्थ, घरचा रूढ विधी करून त्यात स्वतःची वचनं जास्तीची म्हणणार असाल, तर काहीच अडचण नाही. कोणताही कायदा तुम्हाला जास्त बोलायला मनाई करत नाही. पण विधी पूर्ण वगळून फक्त आपल्या शब्दांत लग्न लावायचं असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा रस्ता पक्का आहे. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण त्यात कोर्ट कुठंच नाही. ते विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं. जात-धर्म वेगळा असलाच पाहिजे, असंही नाही.

या कायद्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. लग्न कोणत्याही पद्धतीनं लावा, असं तो म्हणतो. फक्त विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना एक वाक्य म्हटलंच पाहिजे. मी अमुक, तुला माझा कायदेशीर नवरा म्हणून पत्करते. आणि तसंच त्यानं. ते वाक्य दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत चालतं. मराठी, अहिराणी, गोंडी, भिली, ज्यात कळतं त्यात. आणि ते नवरीनं स्वतः म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. बाप, मामा, गुरुजी, कुणीही तिच्या वतीनं म्हणू शकत नाही. त्याच्या आधी-नंतर आपली लिहिलेली वचनं म्हणा, फुलं टाका, उखाणे घ्या.

तारीख ठरवायच्या आधी एवढं बघा. मुलगी अठरा पूर्ण, मुलगा एकवीस पूर्ण. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची. नोटीस लागल्यावर तीस दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर नोटीस पुन्हा द्यावी लागते. मंडपाची सुपारी त्याच हिशोबानं द्या. आणि आपल्याकडं मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करायची रीत आहे. या कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी दोन्ही आहेत. तशी सोयरीक असेल तर आधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत वकिलाला विचारा, तिथं बायकांना सल्ला फुकट मिळतो. तीन साक्षीदारांपैकी निदान एक बाई आपल्या गटातली असू द्या.